ओळखीच्या माणसासाठी मिस्सा

वर्धा जिल्ह्यात कॅथलिक घरे थोडी. तरी शाळेतल्या सिस्टर, दवाखान्यातल्या नर्सबाई, कामावरचा जोडीदार अशा ओळखी वडनेरसारख्या गावातही असतात. असे माणूस गेले की घरचे विधी घरचे करतात. आपण मात्र मातीला जाऊन येतो आणि पुढे काय करावे ते कळत नाही. कॅथलिक परंपरेत त्यासाठी वाट आहे, आणि ती नातेवाइकांपुरती नाही.

आधी यामागची श्रद्धा समजून घेऊ. देवाजवळ पोहोचण्यापूर्वी बऱ्याच आत्म्यांना शुद्ध व्हावे लागते. त्या अवस्थेला शुद्धीस्थान म्हणतात. तिथल्यांना जिवंत माणसांच्या प्रार्थनेचा आधार होतो. कॅथलिक बायबलमध्ये मक्काबींचे दुसरे पुस्तक आहे. त्याच्या बाराव्या अध्यायात यहुदी सेनानी यहुदा मक्काबी लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी अर्पण व्हावे म्हणून वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो. ते सारे काही त्याच्या घरचे नव्हते, सोबत लढलेले सैनिक होते. ओळखीच्यांसाठी प्रार्थना करण्याचा एवढा जुना दाखला मला फार मोलाचा वाटतो.

आता चर्च. वर्धा जिल्हा चांदा धर्मप्रांतात येतो. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश. त्याचे मुख्य ठिकाण बल्लारपूर, आणि मिशनक्षेत्र म्हणून त्याची सुरुवात १९६२ची. हा धर्मप्रांत सीरो-मलबार, म्हणजे केरळातल्या संत थॉमसच्या परंपरेतला. पोपना मानणारा, पण उपासनेची स्वतःची रीत असलेला. मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना, तिला इथे कुर्बानाही म्हणतात. आपल्याला जवळ पडणाऱ्या चर्चला फोन करून वेळ आणि भाषा दोन्ही विचारून घ्यावी. मराठी किंवा हिंदी गृहीत धरून गेलेल्या माणसाला मल्याळममधली उपासना भेटू शकते.

मग चिठ्ठी. बहुतेक घोळ इथेच होतात. अमुक माणसासाठी मिस्सा अर्पण करावी, या विनंतीला मिस्साचा हेतू म्हणतात. चिठ्ठीवर मृत व्यक्तीचे नाव, मृत्यूची तारीख, कोणत्या दिवशी मिस्सा हवी आणि आपले नाव एवढे पुरते. पण गावात चालणारे नाव आणि बाप्तिस्म्याचे नाव वेगळे असू शकते. समजा, साऱ्या गावाने ज्यांना ‘मोठ्या सिस्टर’ म्हटले त्यांचे खरे नाव कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी त्यांच्या कॉन्व्हेंटमध्ये विचारावे. तिथेही नाही कळले तर ‘दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर’ असेच लिहावे. नाव अपुरे म्हणून प्रार्थना अडत नाही. आणि मृत व्यक्ती कॅथलिक असलीच पाहिजे असेही नाही. जिवंत किंवा मृत, कुणासाठीही मिस्सा अर्पण करता येते. म्हणजे कॅथलिक माणसाने आपल्या हिंदू किंवा बौद्ध मित्रासाठीही सांगावी.

दिवस कोणता? केरळी रीतीत सातवा आणि एकेचाळिसावा दिवस पाळतात, लॅटिन, म्हणजे रोमन रीतीत सातवा आणि तिसावा. वर्षाची मिस्सा दोन्हीकडे. घरच्यांनी तोच दिवस धरला असेल तर आपण पुढचा एखादा घ्यावा.

चिठ्ठीसोबत थोडे पैसे देण्याची रीत आहे. ती मिस्साची किंमत नव्हे. या बाबतीत व्यापाराचा भासही नको, असे चर्चचा कायदाच सांगतो. ऐपत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. गरजूंसाठी दान न घेताही मिस्सा अर्पण करावी, अशी शिफारस त्याच कायद्यात आहे. एकापेक्षा जास्त नावे द्यायची असतील तर सर्वांसाठी एक मिस्सा की प्रत्येकासाठी वेगळी, हे आधीच बोलून घ्यावे. नंतर गैरसमज होतो तो यावरूनच.

त्या दिवशी थोडे आधी पोहोचावे, कारण हेतू पुष्कळदा सुरुवातीलाच वाचतात आणि उशिरा आलेल्याला नाव ऐकायलाच मिळत नाही. उठणे-बसणे शेजाऱ्याचे पाहून करावे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: लोक रांगेने पवित्र भाकर घ्यायला जातात तेव्हा कॅथलिक नसलेल्यांनी जागेवरच थांबावे. तो प्रसाद समजून हात पुढे करणारे भेटतात. त्यात वाईट हेतू नसतो, पण कॅथलिकांच्या लेखी ते ख्रिस्ताचे शरीर आहे.

चर्चला जाणे जमत नसेल तर घरी रोझरी म्हणावी. ही मण्यांची जपमाळ. पाच दशके, प्रत्येकात दहा वेळा ‘नमो मारिया’. सुरुवातीला त्या माणसाचे नाव घ्यायचे. पूर्ण होत नसेल तर एक दशकही चालते.

नोव्हेंबर हा सगळा महिना मृतांचा. २ तारखेला सर्व मृतांचा स्मरणदिन असतो. १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. सीरो-मलबार रीतीत याशिवाय मोठ्या उपवासकाळाआधीचा एक शुक्रवारही मृतांसाठी राखलेला आहे. २ नोव्हेंबरसाठी खूप नावे येतात, म्हणून आपली चिठ्ठी ऑक्टोबरमध्येच पोहोचवावी. १ ते ८ नोव्हेंबरदरम्यान दफनभूमीत जाऊन प्रार्थना करण्याला कॅथलिक विशेष महत्त्व देतात. कबर सापडली नाही तर फाटकाशी उभे राहून नाव घेतले तरी चालते.