चावेझ रवीन : उठवलेल्या वस्तीचा अल्बम

कलाकार : गिटारवादक राय कूडर. जन्म १९४७, लॉस एंजेलिस.

प्रकाशन : २००५. कॅलिफोर्नियावरच्या तीन अल्बमपैकी पहिला. पुढचे दोन २००७ आणि २००८ मध्ये.

विषय : चावेझ रवीन ही लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन-अमेरिकन वस्ती. सरकारी घरबांधणीसाठी १९५० पासून रहिवाशांना उठवले. योजना बारगळली, जमीन मात्र परत मिळाली नाही. उरलेल्या कुटुंबांना १९५९ मध्ये बळाने बाहेर काढले. १९६२ मध्ये तिथे डॉजर्स या बेसबॉल संघाचे स्टेडियम सुरू झाले.

भाषा : इंग्रजी आणि स्पॅनिश.

अल्बममधला कोरिदो : घडलेली हकीकत सांगणारे मेक्सिकन कथागीत, पोवाड्याच्या नात्यातले.

अल्बममधली पाचुको बूगी : १९४० च्या दशकातल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांचे नृत्यसंगीत. स्विंग, ब्लूज आणि लॅटिन ताल एकत्र.

सहभाग : चिकानो (मेक्सिकन-अमेरिकन) संगीतातले ज्येष्ठ लालो गेरेरो. अल्बम येण्याच्या काही महिने आधी, मार्च २००५ मध्ये निधन.