काळारामाचे दार आणि गव्हर्नरचा पत्रव्यवहार

२ मार्च १९३०, रविवार. नाशिकला अस्पृश्यांची परिषद भरली होती, अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. दुपारी परिषदेच्या जागेवरून मिरवणूक निघाली आणि पंचवटीत काळाराम मंदिराकडे गेली. धनंजय कीरांनी लिहिलेल्या आंबेडकरांच्या चरित्रात जमाव पंधरा हजारांचा आणि मिरवणूक मैलभर लांबीची असल्याची नोंद आहे. पुढे बँड, मागे स्काऊट, मग रांगेने चालणाऱ्या बाया-बापड्या. मिरवणूक पूर्व दरवाजाशी पोचली, तेव्हा दार लावलेले होते. दाराशी जिल्हा मॅजिस्ट्रेट, पोलीस सुपरिंटेंडेंट आणि सिटी मॅजिस्ट्रेट उभे होते. लोक तिथून गोदावरीच्या घाटावर गेले आणि सभा तिथेच झाली. रात्री पुढाऱ्यांची बैठक बसली. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दारांशी जाऊन बसली आणि भजने म्हणू लागली.

इथपर्यंतची हकिगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेच दिवस सरकारी कागदांवर कसे उतरले, ते कागद कोणी कोणाला लिहिले आणि त्यातून काय निसटले, याकडे मात्र फार थोड्यांनी पाहिले आहे.

मुंबई इलाख्याची कामाची रीत ठरलेली होती. जिल्हा मॅजिस्ट्रेटने मध्य विभागाच्या कमिशनरला लिहायचे, कमिशनरने गृह खात्याला, आणि प्रकरण मोठे असले तर गृह खात्याने ते गव्हर्नरपुढे ठेवायचे. याला समांतर अशी पोलिसांची दुसरी वाट होती. गुप्त वार्तांचे गोषवारे निघत, त्यात कुठे सभा झाली, कोण बोलले, किती लोक जमले, एवढे असे. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये आंबेडकर आणि अस्पृश्यांच्या चळवळीवरचा साधनग्रंथ काढला, त्यात या गोषवाऱ्यांतले उतारे आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या शेजारी शेजारी छापलेल्या आहेत. त्या सलग वाचल्या की सरकारची नजर कशावर होती हे कळते. जमावाचा आकडा मिळतो, मिरवणुकीचा मार्ग मिळतो, दंग्याचा संभव किती याचा अंदाज मिळतो. दार बंद ठेवण्याचा अधिकार कोणाचा आणि तो त्याला कोणी दिला, हा प्रश्न त्यात जवळजवळ नाहीच.

त्या वेळचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स. मेजर जनरल, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख राहिलेले, डिसेंबर १९२८ मध्ये मुंबईत आलेले. पंचवटीत सत्याग्रही बसले त्याला दहा दिवस होत नाहीत तोच, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. गुजरातही तेव्हा मुंबई इलाख्यातच. म्हणजे एकाच गव्हर्नरच्या टेबलावर, एकाच महिन्यात, दोन सत्याग्रहांचे कागद येत होते. मिठाचा कायदा सरकारचा होता. तो मोडणाऱ्याला काय करायचे हे सरकारला माहीत होते. मंदिराचे दार सरकारने लावलेले नव्हते. त्यामुळे ते उघडायला लावणे आपले काम आहे असे सरकारला वाटत नव्हते, आणि दाराशी बसलेल्यांना उठवावे तर त्यांनी नेमका कोणता गुन्हा केला हे सांगणे अवघड होते. पोलीस सुपरिंटेंडेंट रेनॉल्ड्स यांनी आपली कचेरीच मंदिरासमोर तंबूत आणली. दार बंदच राहिले.

या पेचाशी ताडून पाहावे असे एक प्रकरण साठ वर्षे आधी आणि पार दुसऱ्या खंडात घडलेले आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, गुलामगिरी गेली, आणि पुढची बारा वर्षे दक्षिणेतल्या राज्यांची नव्याने घडी बसवण्यात गेली. तिकडे या काळाला ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणजे पुनर्रचना म्हणतात. चौदाव्या घटनादुरुस्तीने १८६८ मध्ये कृष्णवर्णीयांना नागरिकत्व दिले, पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये मताधिकार दिला. कागदावर सगळे मिळाले. गावोगाव मात्र कु क्लक्स क्लॅनचे लोक रात्री घरे जाळत होते आणि मत द्यायला निघालेल्यांना ठार मारत होते. अशा वेळी राज्याच्या गव्हर्नरने काय करायचे? नॉर्थ कॅरोलायनाच्या विल्यम होल्डन यांनी १८७० मध्ये क्लॅनविरुद्ध मिलिशिया उतरवली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने महाभियोग चालवून त्यांना पदावरून काढले. मिसिसिपीचे अॅडेलबर्ट एम्स यांनी सप्टेंबर १८७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे सैन्य मागितले. वॉशिंग्टनहून अॅटर्नी जनरलचे उत्तर आले त्याचा मथितार्थ असा, की दर हिवाळ्याआधी उठणाऱ्या या दंगलींना लोक कंटाळले आहेत, आधी तुमचे तुम्ही पाहा. नोव्हेंबरात बंदुकीच्या धाकाखाली निवडणूक झाली. मार्च १८७६ मध्ये महाभियोगाच्या छायेत एम्स यांनी राजीनामा दिला.

मिसिसिपीच्या त्या काळातल्या गव्हर्नरांची दप्तरे आता संगणकावर वाचता येतात. त्यांतला सर्वांत मोलाचा भाग गव्हर्नरांनी लिहिलेला नाही, त्यांना आलेला आहे. कालपर्यंत गुलाम असलेली माणसे राज्याच्या प्रमुखाला अर्ज करतात, मजुरी मिळाली नाही, शाळा जाळली, नवऱ्याला नेले, असे सांगतात. एम्स यांची खासगी पत्रेही छापून निघाली आहेत. ज्या निवडणुकीविषयी सरकारी कागदात सावध मजकूर आहे, तिच्याविषयी पत्नीला लिहिताना ते उघड म्हणतात की शस्त्रबळावर क्रांती झाली आहे आणि एका वंशाचा मताधिकार काढून त्याला पुन्हा दास्यात लोटले जाणार आहे.

मराठी माणसाला ही तुलना परकी वाटायचे कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा तिकडे पुनर्रचनेचाच काळ चालू होता. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्याच विद्यापीठात तेव्हा विल्यम डनिंग हे प्राध्यापक होते. कृष्णवर्णीयांना मताधिकार देणे ही चूक होती, असे सांगणारी इतिहासाची शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते. दक्षिणेतल्या मळेवाल्यांचे आणि कचेऱ्यांचे कागद वाचून त्या शाळेने दोन पिढ्यांचे मत घडवले. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी त्या मांडणीला भक्कम उत्तर देणारा ग्रंथ लिहिला तो १९३५ मध्ये. आंबेडकरांनी त्याच वर्षी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. पुढे १९४६ मध्ये त्यांनी डुबॉइस यांना पत्रही लिहिले. त्याच्या आदल्या वर्षीच्या, काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या पुस्तकात यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांची कशी फसगत झाली याचा दाखला ते देतात. कागदावरचा हक्क आणि रस्त्यावरचा हक्क यांतले अंतर त्यांनी दोन्हीकडे मोजलेले होते.

इथल्या कागदांवरचा हक्क ४ ऑगस्ट १९२३ चा. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला आणि तो मंजूर झाला: सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांकडे असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, त्याचप्रमाणे शाळा, कोर्टे, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सरकारने सप्टेंबरात तो अंमलासाठी खात्यांकडे धाडला. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले. पण मार्च १९२७ मध्ये अस्पृश्यांनी महाडच्या या चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्ष घेतले तेव्हा डोकी फुटली. त्या वर्षाच्या डिसेंबरात स्पृश्यांनी तळे खासगी मालकीचे असल्याचे सांगून दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. खासगीपणाच्या आडोशाची ही वाट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १८७६ आणि १८८३ मध्ये धरली होती. घटनादुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसाने केलेल्या अन्यायाला ती लागू नाही, असे ते निकाल. काळाराम मंदिर तर बोले ठरावाच्या कक्षेतच बसत नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या पाषाणात बांधलेले हे देऊळ, त्याचे पंच आणि पुजारी वेगळे. सरकारला हात झटकायला एवढे पुरेसे होते.

आणि तरी सरकारच्याच एका समितीने सत्याग्रह सुरू झाला त्याच महिन्यात नेमके दुखणे लिहून दिले होते. नोव्हेंबर १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल मार्च १९३० चा आहे. आंबेडकर, डॉ. सोळंकी, ठक्करबाप्पा आणि बोले तिचे सभासद होते. अहवाल स्पष्ट सांगतो, की आम्ही उपाय सुचवले तरी ते अमलात येणे कठीण आहे. गावोगाव अस्पृश्य मूठभर आहेत, पोटासाठी ते स्पृश्यांच्या शेतांवर अवलंबून आहेत, आणि बहिष्कार हे असे शस्त्र आहे की ते चालवणाऱ्याला कायदाही मोडावा लागत नाही. माझ्या मते त्या दशकातला हा सर्वांत प्रामाणिक सरकारी कागद आहे. मात्र गृह खात्याच्या पत्रांत त्याचे प्रतिबिंब दिसत नाही. एक खाते कारण सांगत होते, दुसरे लक्षणांवर पहारा ठेवत होते.

९ एप्रिलला रथाचा दिवस आला. पंचवटीत रामाचा रथ कामदा एकादशीला निघतो. दोन्ही बाजूंच्या निवडक तरुणांनी मिळून रथ ओढायचा, अशी तडजोड आधी झाली होती. आंबेडकर आपल्या माणसांसह मंदिरापाशी आले. ते दोराला हात लावण्याच्या आतच स्पृश्यांनी रथ पळवला. अरुंद गल्लीत पोलिसांचे कडे होते. कद्रेकर नावाचा भंडारी तरुण ते कडे तोडून दगडांच्या वर्षावातून रथापर्यंत पोचला आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला. दगडांपासून आंबेडकरांना वाचवायला कार्यकर्त्यांनी छत्र्या धरल्या, तरी त्यांना थोडे लागलेच.

या प्रकारानंतर आंबेडकरांनी गव्हर्नर साइक्स यांना पत्र लिहून नाशिकची खरी स्थिती कळवली. त्या पत्राचे महत्त्व मला फार वाटते. त्या प्रसंगी गव्हर्नरपुढे असलेली सगळी माहिती मॅजिस्ट्रेट आणि पोलीस यांच्या हातून आलेली होती, आणि त्यांच्या दृष्टीने दोन्ही बाजू सारख्याच, दंगा करू शकणाऱ्या. मार खाल्लेल्या माणसाने सरळ इलाख्याच्या प्रमुखाला लिहिणे, ही मिसिसिपीतल्या त्या अर्जदारांचीच रीत. फरक एवढा की लिहिणारा कौन्सिलचा सभासद होता, बॅरिस्टर होता, आणि कागदाची ताकद त्याला पुरती ठाऊक होती.

गावांत सत्याग्रहाची किंमत लगेच वसूल झाली. नाशिक जिल्ह्यात सत्याग्रहात गेलेल्यांना वाटा बंद झाल्या, मुलांच्या शाळा तुटल्या, बाजारात जिन्नस मिळेना. स्टार्ट समितीने शब्दांत मांडलेले सगळे तिथे घडत होते. तडजोडीसाठी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी आणि डॉ. मुंजे यांनी खटपट केली, ती फळाला आली नाही. मंदिर जवळजवळ वर्षभर बंद ठेवण्यात आले, आणि सत्याग्रह अधूनमधून पेटत १९३५ पर्यंत चालला.

तो टिकवून धरला भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांनी. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, सत्याग्रह समितीचे चिटणीस, पुढे सगळ्यांचे दादासाहेब. आंबेडकरांनी त्यांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांत ३ मार्च १९३४ चे पत्र आहे: पहिली तुकडी दाराशी बसली त्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशीचे. रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करावा का, असे गायकवाडांनी विचारले होते. आंबेडकर नको म्हणतात. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरात गेल्याने ते समान होतील, असे आपल्याला कधीच वाटले नव्हते. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि अंगात बळ यावे यासाठी तो मार्ग धरला, तो हेतू साधला, आता शक्ती शिक्षणात आणि राजकारणात लावावी, असा त्यांचा युक्तिवाद आहे. सरकारी दप्तरात पाच वर्षे ज्याची नोंद शांततेला धोका म्हणून झाली, त्या चळवळीचा हेतू दोन माणसांच्या खासगी पत्रात चार-सहा ओळींत मिळतो. एम्स यांच्या बाबतीतही हेच दिसले. अभ्यासकाने दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, एकट्या सरकारी गठ्ठ्यावर विसंबले की डनिंग यांच्या शाळेसारखी गत होते.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेने काळारामाचा सत्याग्रह थांबवला. त्यानंतर कायदे आले. १९३८ चा मुंबईचा कायदा विश्वस्तांना मंदिर खुले करण्याची मुभा देणारा होता, सक्ती करणारा नव्हता. १९४७ च्या हरिजन मंदिरप्रवेश कायद्याने प्रवेश हा हक्क ठरवला आणि अडवणे हा गुन्हा केला. पंचवटीतल्या पोलिसाला दाराबाहेर बसलेल्यांची संख्या लिहून वर पाठवण्याचे काम उरले नाही. दार अडवून धरणाऱ्याचे नाव लिहून घेणे हे त्याचे काम झाले.