राज्य बदललं की कायदा बदलतो
अमेरिकेत गाडीत पिस्तूल बाळगण्याविषयीचे गैरसमज

अमेरिकेतल्या बंदुकांविषयी आपल्याकडे दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. एक, तिथे कुणीही कमरेला पिस्तूल लावून हिंडू शकतो. दुसरी, एकदा परवाना मिळाला की मग कसली भीती नाही. दोन्ही अर्धवट आहेत आणि गाडी चालवताना दोन्ही महागात पडू शकतात. फिलाडेल्फियाहून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की काही मिनिटांत न्यू जर्सी लागतं. गाडी तीच, माणूस तोच, पिस्तूल तेच. पण पुलाच्या अलीकडे जे कायदेशीर होतं, ते पलीकडे तुरुंगात नेणारा गुन्हा ठरू शकतं.

गैरसमज : शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानानेच दिला आहे, मग परवाना कशाला?

वस्तुस्थिती : दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. २०२२ मध्ये हा हक्क घराबाहेरही लागू असल्याचा निकाल दिला. त्या निकालाने न्यूयॉर्कची ‘खास गरज सिद्ध करा’ ही अट रद्द झाली; परवाना पद्धत रद्द झाली नाही. टेक्सासने १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याची सक्ती काढली, व्हरमाँटमध्ये ती कधी नव्हतीच, आणि २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २९ होती. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात मात्र परवाना लागतोच.

‘विनापरवाना’ राज्यांतही एक खाच आहे. शाळेपासून १,००० फुटांच्या, म्हणजे साधारण ३०० मीटरच्या आत बंदूक नेण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे आणि त्यात सार्वजनिक रस्ताही येतो. ज्या राज्यात शाळा आहे त्याच राज्याचा परवाना असेल, किंवा बंदूक रिकामी करून कुलपात ठेवली असेल, तर सूट मिळते. म्हणून टेक्साससारख्या राज्यातही अनेक जण आजही परवाना काढून ठेवतात.

गैरसमज : ड्रायव्हिंग लायसन्ससारखाच शस्त्र परवानाही देशभर चालतो.

वस्तुस्थिती : चालत नाही. कोणत्या राज्याचा परवाना मानायचा, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. सगळीकडे तो मान्य व्हावा असं विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं होतं, पण सिनेटने ते संमत केलं नाही.

२०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका महिलेला न्यू जर्सीत वाहतूक पोलिसाने थांबवलं. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना होता आणि गाडीत पिस्तूल असल्याचं तिने स्वतःहून सांगितलं. न्यू जर्सी तो परवाना मानत नाही. तिला अटक झाली आणि किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार डोक्यावर आली. अखेर २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. माफीवर कुणी भिस्त ठेवू नये.

गैरसमज : आपली गाडी म्हणजे आपलं घरच.

वस्तुस्थिती : टेक्सासमध्ये हे बरंचसं खरं आहे. ज्यांना कायद्याने बंदी नाही, त्यांना स्वतःच्या गाडीत, नजरेआड, विनापरवाना हँडगन ठेवण्याची मुभा तिथे २००७ पासून आहे. पेनसिल्व्हेनियात चित्र उलटं आहे. फिलाडेल्फिया शहराबाहेर पायी चालताना उघडपणे पिस्तूल लावायला परवाना लागत नाही, पण गाडीत बसलात की, ठरावीक अपवाद सोडले तर, तो लागतो. कॅलिफोर्नियात परवाना नसेल तर हँडगन रिकामी करून डिकीत किंवा कुलूपबंद पेटीतच ठेवावी लागते.

गैरसमज : ग्लव्ह बॉक्सला कुलूप लावलं की काम झालं.

वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियाच्या नियमात ग्लव्ह बॉक्स ही कुलूपबंद पेटी धरली जात नाही. केंद्राचाही १९८६ चा एक कायदा आहे. जिथून निघालात आणि जिथे पोचणार, त्या दोन्ही ठिकाणी तुम्हाला शस्त्र बाळगण्याची कायदेशीर मुभा असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येतं. पण ते रिकामं हवं आणि ते किंवा गोळ्या बसल्या जागी हाताला लागता कामा नयेत. डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी लागते. ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटमधला कप्पा चालत नाही. थोडक्यात, हे संरक्षण वाहतुकीला आहे. भरलेलं पिस्तूल कमरेला लावून जाण्याला नाही.

गैरसमज : नोकरी आहे, टॅक्स भरतो, म्हणजे एच-१बी वाल्यालाही पिस्तूल ठेवता येतं.

वस्तुस्थिती : मराठी कुटुंबांनी सर्वांत आधी लक्षात ठेवावी अशी ही बाब. एच-१बी, एल-१, विद्यार्थ्यांचा एफ-१, आईवडिलांचा पर्यटक व्हिसा अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा गोळ्या बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. शिक्षा १५ वर्षांपर्यंतची आहे. टेक्साससारख्या राज्याची मोकळीकही इथे कामी येत नाही, कारण केंद्राची मनाई कायमच राहते. भारतातल्या शस्त्र परवान्याचा तर तिथे काडीचा उपयोग नाही. ग्रीनकार्डधारकांना केंद्रीय कायद्याने मुभा आहे. मात्र शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास त्यांनाही देशाबाहेर काढलं जाऊ शकतं.

गैरसमज : पोलिसाला खरं सांगितलं की धोका टळला.

वस्तुस्थिती : मिशिगनसारख्या काही राज्यांत पोलिसाने थांबवताच स्वतःहून सांगणं बंधनकारक आहे, इतर अनेक ठिकाणी विचारल्यावर सांगितलं तरी चालतं. पण सांगून सुरक्षितता मिळतेच असं नाही. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या परवानाधारकाने आपल्याकडे शस्त्र असल्याचं शांतपणे सांगितलं. त्यानंतर काही सेकंदांतच पोलिसाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. म्हणून जाणकार एकच क्रम सांगतात : आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा, शस्त्र कुठे आहे ते सांगा आणि सूचना मिळाल्याशिवाय कागदांसाठीही हात हलवू नका.

गैरसमज : वापरायचं नसलं तर पिस्तूल गाडीतच राहू द्यावं.

वस्तुस्थिती : चोरांना नेमकं हेच हवं असतं. अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा मोठा हिस्सा उभ्या गाड्यांतून जातो. मागच्या सीटवर मूल असेल तर धोका आणखी मोठा : ग्लॉकसारख्या अनेक पिस्तुलांना बोटाने लावायचा वेगळा सेफ्टी खटका नसतो. ट्रिगर झाकणारं होल्स्टर किंवा गाडीला जखडलेली कुलूपबंद पेटी हाच उपाय.

रस्त्यावरच्या भांडणात पिस्तूल नुसतं दाखवणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो, गोळी सुटायची गरज नाही. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम त्या राज्याच्या पोलीस खात्याच्या किंवा अ‍ॅटर्नी जनरलच्या अधिकृत माहितीत तपासा. मित्राने सांगितलेलं पुरेसं धरू नका. आणि तुम्ही व्हिसावर असाल, तर मित्राच्या गाडीत बसण्यापूर्वी आत शस्त्र आहे का, हे न लाजता विचारून घ्या.