शाळेची बातमी घरी, घरची बातमी शाळेत

शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाभरात काय काय जातं, ते कधी वर सरकवून बघावं. आधार कार्डाची झेरॉक्स आणून द्यावी. अपार आयडीचं संमतीपत्र भरून पाठवावं. गणवेशाचं माप घ्यायचं आहे, उद्या लेकरू घरी ठेवू नये. ही कामं महत्त्वाची आहेत, यात वाद नाही. यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीत, नाव चढलं नाही तर पुढे पुस्तकापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळंच अडतं. पण आपलं लेकरू या आठवड्यात काय शिकलं, कुठे अडलं, घरी त्याच्याशी काय बोलावं, हे त्या ग्रुपवर कुठेच नसतं. शाळा घराला कागद मागते आणि घर शाळेला कागद देतं. दोघांमधलं बोलणं तिथेच संपतं.

मी हसनाबादला पहिली-दुसरीला शिकवते. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं हे बऱ्यापैकी मोठं गाव. आजूबाजूला कापूस, मका, सोयाबीन. चतुर्थीला राजूरच्या गणपतीकडे निघालेली माणसं. वर्गात शेतकऱ्याची, मजुराची, गॅरेजवाल्याची, किराणा दुकानदाराची लेकरं एका रांगेत बसतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी दखनी वळणाची उर्दू. पालकांशी बोलायला लागलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आम्ही अडाणी माणसं मॅडम, आम्ही काय शिकवणार? तुम्हीच बघा.” हे वाक्य नम्रपणाने येतं, माझ्यावरच्या विश्वासाने येतं, आणि तरीही ते मला मान्य नाही.

का नाही, ते सांगते. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ हा अहवाल 2005 पासून निघतो. त्याचे कार्यकर्ते शाळेत जाऊन नाही, तर गावात घरी जाऊन मुलांना वाचायला देतात. एका कागदावर अक्षरं, शब्द, चार वाक्यांचा सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीत असलेल्या शंभर मुलांपैकी 2022 मध्ये साधारण 16 जणांना ती गोष्ट वाचता आली. 2024 मध्ये हा आकडा 23 च्या पुढे गेला. वाढ चांगली आहे, पण उरलेल्या पंचाहत्तरहून जास्त लेकरांचं काय? चौथीचं पुस्तक त्यांच्या हातात पडतं तेव्हा ते उघडतं, पण बोलत नाही.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द बिनचूक वाचावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. पालकांना हा आकडा परीक्षेसारखा वाटतो. त्यामागचं कारण साधं आहे. लेकरू एकेक अक्षर जुळवत ‘म्ह...शी...ने’ असं वाचत राहिलं, तर वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात विसरलेलं असतं. वाचणं होतं, कळणं होत नाही. वेग यायला रोज मोठ्याने वाचावं लागतं, आणि मोठ्याने वाचायला ऐकणारं माणूस लागतं. वर्गात माझ्या एकटीला सगळ्यांचं रोज ऐकता येत नाही. आणि इथेच आपल्या माउल्या कामाच्या आहेत. वाचता न येणाऱ्या माणसालाही वाचन ऐकता येतं. लेकरू अडखळतंय की सरळ जातंय, तोंडपाठ म्हणतंय की बोट ठेवून वाचतंय, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला बरोबर कळतं.

घर आणि शाळा यांचा धागा मला सापडला तो परिपाठात. आमच्याकडे सकाळी राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या असा क्रम असतो. बातम्या म्हणजे पेपरातून उतरवलेल्या. सात वर्षांचं लेकरू ‘उच्चस्तरीय शिष्टमंडळ’ असं घडाघडा म्हणतं आणि जागेवर जाऊन बसतं. माझ्या वर्गात मी ठरवलं, की पहिली बातमी घरची.

एका मुलीने उठून सांगितलं, “आमच्या म्हशीला काल पारडू झालं.” तिच्या शब्दांत ते मी फळ्यावर लिहिलं. लगेच वर्गातून प्रश्न आले. वगार झाली का हाल्या? कोणत्या वक्ताला झालं? दूध किती देती? काहींची उत्तरं तिला येत होती, काहींची नव्हती. “घरी विचारून ये,” म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती वगार झाल्याचं, पहिल्या दिवसांच्या दुधाला चीक म्हणतात हे, आणि आजीने त्याचा खरवस केल्याचं सांगत आली. फळ्यावर पाच वाक्यं झाली. ती तिने कागदावर उतरवली, घरी नेली, आजीला वाचून दाखवली. आजीने मध्येच थांबवलं: “सांजच्याला नव्हं गं, दिवे लागले होते तवा.” पोरगी तो कागद घेऊन परत आली आणि म्हणाली, “मॅडम, हे चुकलंय, खोडा.” आम्ही ‘संध्याकाळी’ खोडून ‘दिवे लागल्यावर’ लिहिलं. आजी कधी शाळेत गेलेली नाही. पण नातीने लिहिलेला मजकूर तिने कान देऊन ऐकला, तपासला आणि दुरुस्त केला. लिहिलेलं बदलता येतं, ते खऱ्याशी जुळावं लागतं, ही गोष्ट त्या पोरीला मी कितीही वेळा सांगून जितकी कळली नसती, तितकी आजीच्या त्या एका वाक्याने कळली.

तेव्हापासून वर्गाच्या भिंतीवर घरच्या बातम्या लागतात. कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाची बहीण पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, कुणाच्या अब्बांनी ईदला नवी शिलाई मशीन आणली. घरची भाषा आधी जशीच्या तशी येऊ द्यायची. ‘मह्या मायनं’ म्हणणाऱ्या लेकराला पहिल्याच दिवशी ‘माझ्या आईने’ म्हण असं दटावलं, तर ते पुढे बोलतच नाही. दोन्ही वाक्यं शेजारी लिहिली की पुस्तकातली मराठी ते आपोआप उचलतं.

गणिताचंही तसंच आहे, आणि इथे मला जरा थांबून बोलायचं आहे. दुसरीत लेकराला तीन अंकी संख्यांपर्यंत जायचं असतं. पण मराठीतल्या संख्या फार फसव्या आहेत. ‘सदतीस’ ऐकताना आधी सात कानावर पडतो, लिहिताना मात्र आधी तीन लिहायचा. म्हणून कितीतरी लेकरं 37 च्या जागी 73 लिहितात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, पार विधानसभेपर्यंत. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या, की यातून लहान मुलांची अडचण कमी होते. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुणालाही ती अडचण रोज दिसते. मला त्यांचं म्हणणं पटतं. मी दोन्ही म्हणून घेते.

पण खरा सराव होतो तो कापसाच्या दिवसांत. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होते आणि मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी काट्यावर गाठोडी चढतात. मी आयांना एवढंच सांगितलं: लेकराला वेचायला नेऊ नका, शाळा बुडवू नका, पण संध्याकाळी हिशोबाची वही त्याच्या हाती द्या. तुम्ही सांगा, ते लिहील. आईने सदतीस म्हटलं आणि पोराने 73 लिहिलं तर शेतमालक लगेच ओरडतो, 37 लिहिलं तर कुणी काही बोलत नाही. आणि उलटं झालं तर? 73 चे 37 झाले तर? मग आई ओरडते, कारण तिची मजुरी जाते. दशक आणि एकक म्हणजे काय, हे त्या वहीत पैशासकट कळतं. आठवडा संपला की सात दिवसांची बेरीज. हातचा घेणं वर्गात ज्यांना जमत नव्हतं, त्यांतल्या काहींना ते काट्याजवळ जमलं.

आता सभांचं बोलते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. हे फार मोठं बळ आहे. पण दुपारी तीनला सभा लावली की बाया कापसात असतात, रजिस्टर मग घरोघरी सहीला फिरतं. सभा जेवणं उरकल्यावर घ्यावी, माणसं येतात. अजेंड्यावर नुसती खिचडी, रंगरंगोटी आणि संडासाची दुरुस्ती नसावी. दोन लेकरांनी उठून सगळ्यांपुढे वाचून दाखवावं. चावडी वाचन म्हणून हा प्रकार महाराष्ट्रात बऱ्याच गावांनी करून पाहिला आहे. लेकराचं नाव पुकारलं की घरच्यांचे डोळे कसे त्याच्याकडे लागतात, ते प्रत्यक्षच पाहावं. मात्र एक पथ्य पाळावंच लागतं: ज्याला जेवढं येतं तेवढंच त्याला द्यायचं. चारचौघांत अडखळलेलं लेकरू पुढे पुस्तकाला हात लावत नाही.

आयांचे गट हा त्याहून चांगला मार्ग. 2022 मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान राज्यात झालं, तेव्हा गल्लीतल्या चार-सहा आया एकत्र करून माता गट झाले, प्रत्येक गटाला एक लीडर माता, आणि हातात आयडिया कार्ड. डाळीतून शेंगदाणे वेगळे करणं, चपला जोडीने लावणं, भाज्यांची नावं सांगणं, पायऱ्या मोजणं, असली कामं. काहींना तो पोरखेळ वाटला. मला वाटला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा जी लेकरं शाळेत येत नव्हती त्यांच्या अंगणातच त्या बालवाडी घेऊन गेल्या. घरातल्या, रानातल्या वस्तू हेच साहित्य. अंगणवाडी तिथून उगवली. आजच्या माता गटात मला तोच विचार दिसतो.

मी आता माता गटाला शनिवारी आवाजी निरोप पाठवते, अर्ध्या मिनिटाचा. लिहून पाठवला तर निम्म्या आयांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. निरोपात एकच गोष्ट. ‘या आठवड्यात आम्ही लिटर शिकतोय, डेअरीवर दूध घालायला जाताना लेकरू सोबत न्या आणि मापं त्याला मोजू द्या.’ बस.

घरी अभ्यासाला वेळ काढायचा म्हटलं, तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. 2022 च्या ऑगस्टपासून त्या गावात संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद राहू लागले. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी ग्रामसभेत विषय मांडला, गावाने उचलला. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेमुळे लेकरांच्या हाती फोन आला तो सुटेना, हे त्यामागचं कारण. मला त्या गावाचं फार कौतुक वाटतं. आमच्याकडे दीड तास लगेच जमेल असं मला वाटत नाही. सातला अर्धं गाव शेतातून येत असतं, चुलीवर भाकरी असते. वीस मिनिटं मात्र कुठल्याही घरात निघतात. भाकरी थापता थापता आईने वाचन ऐकावं, बापाने फोन खिशात ठेवून शेजारी बसावं. बापाचं नाव मी मुद्दाम घेते. माता गट झाले म्हणून अभ्यास हे आईचंच काम, असं ठरून जाऊ नये.

काही घरं व्हॅन लावून लेकराला लांबच्या इंग्रजी शाळेत धाडतात. त्यांची तळमळ मला कळते, पण एक विचार त्यांनी करावा. त्या शाळेचा अभ्यास घरात कुणालाच ऐकून कळत नाही, मग शिकवणी लागते, आणि आजीची गोष्ट, आईचा हिशोब, बापाचं शेतीचं ज्ञान, सगळं त्या अभ्यासाच्या बाहेर राहतं. लहान वयात हा तोटा मोठा आहे.

“वाचायला घरात काय आहे?” असंही विचारतात. पाठ्यपुस्तक तर आहेच. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. चार पानांची प्रिंट काढून आणली तरी महिना जातो. शिवाय लग्नसराईत घरात पत्रिकांचा ढीग असतो. त्यात मामा, काका, आत्या यांची नावं असतात, लेकरू ती हौसेने वाचतं. आणि आपला जालना तर बियाण्यांचा जिल्हा. जूनमध्ये घरोघर पाकिटं येतात. कापसाचं बीटी पाकीट 475 ग्रॅमचं, त्यावर वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणशक्तीची टक्केवारी, वापराची मुदत, सगळं छापलेलं असतं. मुदत संपलेली तर नाही ना, हे दुकानातच लेकराला वाचून सांगायला लावा. पेरणी झाल्यावर पाकीट बांधावर टाकू नका, दप्तरात घालून माझ्याकडे पाठवा.