लोक काय म्हणतील, की विवेक काय म्हणतो?

'लोक काय म्हणतील?' हा प्रश्न आपल्या घराघरांत निर्णयाच्या वेळी हमखास पुढे येतो. लग्नाचा मांडव केवढा घालावा, गावच्या सभेत खरे बोलावे की गप्प बसावे, अशा लहानमोठ्या बाबतींत आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून पाऊल उचलतो. समाजाची भीड सर्वस्वी वाईट नसते. ती आपल्याला अनेकदा वाममार्गापासून आवरते. परंतु सारा समाजच चुकीच्या वाटेने निघाला असेल तर? ऑस्ट्रियातील एका शेतकऱ्याने या प्रश्नाचे उत्तर प्राणांचे मोल देऊन दिले. त्यांचे नाव धन्यवादित फ्रान्झ येगरश्टेटर.

फ्रान्झ यांचा जन्म २० मे १९०७ रोजी जर्मनीच्या सीमेलगतच्या सेंट राडेगुंड या खेड्यात झाला. तरुणपणी ते काही विरक्त नव्हते. गावात पहिली मोटारसायकल त्यांनीच आणली. १९३६ मध्ये फ्रान्झिस्का हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तिच्या सहवासात त्यांची श्रद्धा अधिक खोल झाली. त्यांना तीन मुली झाल्या.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि एप्रिलमध्ये त्यावर जनमत घेण्याचा देखावा उभा केला. सेंट राडेगुंडमध्ये विरोधी मत देणारे फ्रान्झ एकटेच होते. गावाने मात्र एकमुखाने होकार दिल्याचे वर कळविण्यात आले. एकाचे 'नाही' मोजलेसुद्धा गेले नाही. तरीही फ्रान्झ यांनी आपले मत बदलले नाही.

१९४० मध्ये त्यांना सैनिकी प्रशिक्षणासाठी जावे लागले. १९४१ मध्ये घरी परतल्यावर ते गावच्या चर्चमध्ये सेवक म्हणून काम करू लागले. पवित्र बायबल आणि संतचरित्रे यांचे वाचन करता करता त्यांची खात्री पटली, की हे युद्ध अन्यायाचे आहे आणि त्यात शस्त्र उचलणे हे पाप ठरेल. परंतु ते केवळ आपल्या मनाच्या कौलावर विसंबले नाहीत. त्यांनी धर्मगुरूंचा सल्ला घेतला. लिंझच्या बिशपांनाही ते जाऊन भेटले. बहुतेकांचे म्हणणे एकच होते : बायकामुलांचा विचार कर, राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब सामान्य माणसाला द्यावा लागत नाही. फ्रान्झ यांनी ते आदराने ऐकून घेतले. मात्र त्यांच्या विवेकाचे समाधान झाले नाही.

१ मार्च १९४३ रोजी एन्स येथील लष्करी छावणीत हजर होऊन त्यांनी लढण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची त्यांची तयारी होती, परंतु ती मान्य झाली नाही. बर्लिनच्या तुरुंगात असताना धर्मगुरूंकडून त्यांना समजले, की फादर फ्रान्झ रायनिश यांनी हिटलरच्या निष्ठेची शपथ नाकारली म्हणून १९४२ मध्ये त्यांना देहदंड झाला होता. आपण अगदीच एकटे नाही, हे कळून फ्रान्झ यांना मोठा दिलासा मिळाला. ६ जुलै रोजी शिक्षा ठोठावण्यात आली आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्यांचा शिरच्छेद झाला.

या साक्षीचा अर्धा भार फ्रान्झिस्का यांनी वाहिला. आरंभी त्यांनीही पतीचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. परंतु सारेच त्याला दूषणे देत आहेत हे पाहून त्या त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. युद्धानंतरही गावाचा रोष शमला नाही. १९५० पर्यंत त्यांना विधवेचे निवृत्तिवेतनही मिळाले नाही. शेती आणि तीन मुलींचा सांभाळ त्यांनी कष्टाने केला.

या कथेचा एक धागा आपल्यापर्यंत पोहोचतो. मुंबईचे माजी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स (१९३७ ते १९५०) यांनी १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लेखी निवेदनाद्वारे या शेतकऱ्याचे उदाहरण मांडले. रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत वसईचे धर्मग्रामही मुंबईच्याच छत्राखाली होते. परिषदेने त्याच वर्षी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात सदसद्विवेकबुद्धीचा महिमा सांगितला आणि तिला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्याने माणुसकीने वागवावे, असे म्हटले. १९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झ यांची शिक्षा रद्द ठरविली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा ९४ वर्षांच्या फ्रान्झिस्का तेथे उपस्थित होत्या.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. 'मला पटेल तेच मी करीन' हा हट्ट झाला. त्याला विवेक म्हणता येत नाही. विवेक आधी विचारतो, वाचतो, प्रार्थना करतो, विरोधी मत ऐकून घेतो, शक्य असेल तेथे दुसरा मार्ग शोधतो. निर्णयाची किंमत तो स्वतः मोजतो. तरीही ती झळ आपल्या माणसांना लागतेच, म्हणून असा निर्णय उथळपणे घेता येत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांवर प्राण देण्याचा प्रसंग येणार नाही. आपली परीक्षा अधिक साधी आहे : कर्ज न काढता साधेपणाने लग्न लावणे, जमिनीच्या व्यवहारात खोटी साक्ष न देणे, गावाने वाळीत टाकलेल्या कुटुंबाच्या दारी जाणे. अशा वेळी टाळ्या मिळणार नाहीत. कदाचित टोमणेच मिळतील. फ्रान्झ यांनाही त्यांच्या हयातीत शाबासकी मिळाली नाही. त्या दिवसांत त्यांच्या बाजूने उभी राहिली ती त्यांची पत्नी. म्हणून आपल्या घरातील कोणी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणत असेल, तर लोकांचे म्हणणे त्याला ऐकविण्याआधी आपण त्याचे म्हणणे ऐकून घेऊ या.