दाराच्या कुलपामागचे दोन रिले

ज्या नाशिकच्या कारखान्यात २००२ साली बाजारात आलेली महिंद्राची स्कॉर्पिओ तयार झाली, त्या शहरात मोटारीच्या वायरिंगचे ज्ञान मेकॅनिकपुरते न राहता गाडीमालकापर्यंतही पोहोचावे, अशी अपेक्षा रास्त आहे. सेंट्रल लॉकिंगमध्ये दाराचे कुलूप सरकवणाऱ्या छोट्या मोटरीला, म्हणजे ॲक्चुएटरला, दोनच वायरी असतात आणि त्यांतील वीजप्रवाहाची दिशा उलटली की कुलूपही उलट दिशेने सरकते.

ही अदलाबदल दोन रिले करतात. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच असून त्याच्या ८५ व ८६ या टोकांमधील कॉइलला अल्पसा प्रवाह मिळाला की ३० क्रमांकाचे टोक ८७-ए सोडून ८७ ला जोडले जाते. त्यामुळे मोटरीचा मोठा प्रवाह बटणाच्या नाजूक वायरीतून जात नाही. दोन्ही रिलेंची ३० ही टोके मोटरीला, ८७-ए अर्थिंगला आणि ८७ फ्यूजमार्गे बॅटरीच्या १२ व्होल्टला जोडतात. एरवी मोटरीची दोन्ही टोके अर्थिंगवर असतात. एक रिले ओढला गेला की ती एका दिशेने फिरते, दुसरा ओढला गेला की उलट. या रचनेचा खरा गुण असा, की चुकून दोन्ही रिले एकदम ओढले गेले तरी दोन्ही टोकांवर सारखाच दाब येऊन मोटर थांबते, शॉर्ट सर्किट होत नाही. मात्र फ्यूज बॅटरीलगतच हवा, कारण त्याच्या अलीकडची वायर बॉडीला घासली तर तिला कोणतेच संरक्षण उरत नाही.