तंजावूरच्या हरिकथेतील मराठी छंद

तंजावूरला जाणारा मराठी अभ्यासक बहुधा बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा भोसलेवंशाचा शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून परततो. परंतु तेथील मराठीचा एक अवशेष कानांनीच शोधावा लागतो. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवा प्रभृतींच्या कीर्तनांपासून प्रेरणा घेऊन कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेस नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे रचनाप्रकार नावांसकट तीत रुजले. १८५५ मध्ये भोसल्यांचे राज्य संपले, दरबारी मराठी मागे पडली. छंद मात्र उरले. राजभाषा सत्तेबरोबर जाते, चाल गुरूकडून शिष्याकडे जाते. आज हरिकथाकारच विरळ होत असता केवळ पोथ्यांच्या सूची करून भागणार नाही. त्यांचे उच्चार व चाली ध्वनिमुद्रित करणे हेही भाषाभ्यासकाचे कर्तव्य होय.